बाराव्या कार्डाचा श्रोता

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. यातलं निम्मं मी माझ्या कानांनी ऐकलंय. उरलेलं माझ्या सख्ख्या बहिणीने मला सांगितलंय, आणि ती खोटं बोलत नाही.

म्हणजे, आयुष्यात एकदाच बोलली. ही त्याचीच गोष्ट आहे.

मी नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. नाइट ड्यूटीला नव्या मुली भुताखेताच्या गप्पा मारायला लागल्या, की त्यांना बेडपॅन धुवायला पाठवणारी ती मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आणि यात मध्यरात्र वगैरे काही नाही. शुक्रवार होता. दुपारचे दोन. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

माझ्या धाकटीला आम्ही घरात चिमी म्हणतो. ती सेमिनरीत होती, चर्चचे पाळक जिथे घडवतात तिथे. शेवटचं वर्ष, शेवटचा आठवडा. तिचं सामान आवरायला म्हणून मी दोन दिवसांची रजा काढून गेले होते. तिथे नुसती धांदल चालली होती. कुणी प्रबंधाची बाइंडिंग आणायला पळतंय, कुणी लायब्ररीची हरवलेली पुस्तकं गादीखाली शोधतंय, कुणी ग्रुप फोटोसाठी इस्त्री मागत फिरतंय. देवाची माणसं म्हणून शांत असतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! परीक्षेच्या आधी आमच्या नर्सिंगच्या मुली बऱ्या.

तिथली एक पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने बारा उपदेश करायचे, चॅपेलमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चमध्ये, पुलपिटवर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, उभं राहून. प्रत्येक उपदेशाला एक श्रोता आणायचा. तो विद्यार्थी नको, शिक्षक नको, नातलग तर मुळीच नको. उपदेश झाला की श्रोत्याने एका कार्डावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. काय ऐकलंत? कुठे अडलात? घरी काय नेताय? खाली नाव, वय, काम, सही. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून घ्यायचं. अशी बारा कार्डं जमली, तरच पाळकपदाच्या दीक्षेसाठी शिफारस.

आता वर्षाच्या शेवटी इतके श्रोते आणायचे कुठून? मेसच्या मावशींनी त्या वर्षी सतरा उपदेश ऐकले होते. त्या बसल्या बसल्या विचारायच्या, बाई, दूध ठेवलंय गॅसवर, लवकर आटपेल ना? माळीकाका पहिल्याच वाक्याला डोळे मिटायचे आणि आमेनला बरोबर जागे व्हायचे. पण एका विद्यार्थ्याला एक श्रोता एकदाच वापरता यायचा. चिमीचे सगळे वापरून झाले होते.

तिची अकरा कार्डं झाली होती. बारावं शुक्रवारी चार वाजेपर्यंत ऑफिसात द्यायचं होतं. तिथला क्लार्क चार म्हणजे चारला खिडकी बंद करणारा.

मी म्हटलं, मी बसते की. ती म्हणाली, ताई, तू नातलग.

नाही झालं तर वर्ष गेलं. आणि नुसतं वर्ष नाही. एका लहानशा मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, दोन वर्षं पाळक नव्हता. त्यांनी चिमीचं नाव मागितलं होतं. थांबायची त्यांची तयारी नव्हती. आईने तर अख्ख्या गणगोताला सांगून टाकलं होतं. चिमीला लहानपणापासून दुसरं काही व्हायचंच नव्हतं. बाहुल्यांना रांगेत बसवून उपदेश करायची ती.

दोन वाजता ती चॅपेलकडे गेली. म्हणाली, बघते, रस्त्यावरून कुणीतरी मिळेल.

अडीचला परत आली.

मी विचारलं, मिळालं कुणी? हो म्हणाली. एक म्हातारे गृहस्थ. शिंपी होते पूर्वी.

मी पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधत होते. तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. तिने कार्ड पाकिटात घातलं आणि चारला दहा कमी असताना देऊन आली.

सुटलो बाई, असं मला वाटलं.

साडेचारच्या सुमाराला आम्ही दोघी लायब्ररीची पुस्तकं परत करायला निघालो. ऑफिसवरूनच वाट होती. क्लार्क ऑफिसला कुलूप लावत होता, त्याने हाक मारली.

"तुमचे ते शिंपीबाबा मघाशी येऊन गेले. या खुर्चीत बसले होते बराच वेळ."

चिमी जागीच थांबली.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काही नाही. बाकीचं कधी आहे, एवढंच विचारत होते."

बाहेरची ती खुर्ची रिकामी होती. पण तिच्यावरची गादी मध्ये दबलेली होती... कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी.

चिमीच्या हातातली पुस्तकं खाली पडली. मी गोळा केली. खोलीवर आल्यावर तिने दार लावून घेतलं आणि मग रडायलाच लागली.

कुणी नव्हतंच, म्हणाली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आली. शेवटी रिकाम्या बाकांसमोर उभी राहून तिने उपदेश सुरू केला. अर्ध्यावर आली आणि पुढचं सुचेना. शेवट तिला आठवडाभर जमत नव्हता, तिथेही जमला नाही. ती खाली उतरली, मागच्या बाकावर बसली आणि डाव्या हाताने कार्ड भरलं. तीन प्रश्न, तीन ओळी. एक नाव रचलं. वय एकाहत्तर. काम, निवृत्त शिंपी. सही.

मला आधी राग आला, मग हसू आलं. मी म्हटलं, अगं वेडे, क्लार्कने कार्ड वाचलंय, त्याला संशय आलाय. चेष्टा करतोय तुझी.

तिला ते पटलं. मलाही पटलं.

संध्याकाळी निरोपाचा चहा होता. दिवे लागायच्या आधीची वेळ. हिरवळीवर टेबलं मांडलेली, सगळे एकमेकांच्या वह्यांत पत्ते लिहून घेत होते. मेसच्या मावशी किटली घेऊन आमच्याजवळ आल्या. चिमीला म्हणाल्या, तुझ्या पाहुण्याला चहा दिला गं मी. चॅपेलच्या पायरीवर बसलेत एकटेच. आत बोलावलं तर नको म्हणाले. पोरगी बोलावेल तेव्हा येईन म्हणाले.

मावशींना वाचता येत नाही. त्यांचं कार्ड चिमीनेच लिहिलं होतं.

"कसे आहेत दिसायला?" चिमीने विचारलं.

"चांगले आहेत की. डावा पाय तेवढा ओढतात बिचारे."

मी चॅपेलकडे धावले. खरंच धावले, या वयात. पायरीवर कप होता. चहा भरलेला... वर साय धरलेली. माणूस नव्हता.

मागून चिमी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. अगदी हळू म्हणाली, "ताई, त्यांचा पाय अधू असेल असं माझ्या मनात आलं होतं. मी ते लिहिलं नव्हतं."

त्यानंतर आम्ही चहाला थांबलो नाही.

होस्टेल जवळजवळ रिकामं झालं होतं. आमच्या मजल्यावर आम्ही दोघीच. चिमी खिडकीशी बसून होती, मी उगाचच कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होते. बाहेर अजून उजेड होता.

जिन्यावर पावलं वाजली.

एक टाकलेलं... एक ओढलेलं.

एक टाकलेलं... एक ओढलेलं.

खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस असा चालतो. वॉर्डात मी ही चाल हजार वेळा ऐकलीय. यात माझी चूक होणार नाही. आणि ते मुलींचं होस्टेल होतं, पुरुषाला खालीच अडवतात.

पावलं आमच्या दाराशी आली. थांबली.

दार वाजलं नाही. कडी हलली नाही. नुसतं कुणीतरी उभं होतं... वाट बघत.

मी देवाचं नाव घेतलं आणि दार उघडलं. कॉरिडॉर या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. दार लावून मी चिमीला सांगितलं, कुणी नाही. ती म्हणाली, आहेत, आपल्याला दिसत नाहीत.

ती झोपली नाही. पहाटे म्हणाली, मी मॅडमना सगळं सांगून टाकणार.

इथे मी जे केलं ते मला लिहायला जड जातंय, पण लिहिते. मी तिला नको म्हटलं. एका कार्डापायी आयुष्य घालवू नकोस म्हटलं. आईचा विचार कर म्हटलं. बारातली अकरा कार्डं खरी आहेत ना, मग गप्प बस. देवाला काय तेवढंच काम आहे का?

तिने ऐकून घेतलं आणि नऊ वाजता मॅडमच्या खोलीत गेली. मीही बरोबर गेले. उपदेश शिकवणाऱ्या मॅडम, पांढरे केस, वीस वर्षं तिथे. शिफारस त्यांच्याच सहीने व्हायची.

चिमीने बसल्या बसल्या सांगून टाकलं. बारावं कार्ड खोटं आहे, मॅडम. श्रोता कुणी नव्हता. ते मी लिहिलंय.

मॅडमनी फाइल उघडली, कार्ड काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

मी वाकून पाहिलं. बारीक, सरळ, जुन्या वळणाचं अक्षर. निळी शाई. कार्ड दोन्ही बाजूंनी भरलेलं... समासातसुद्धा लिहिलेलं.

"हे मी लिहिलेलं नाही," चिमी म्हणाली.

"ते मला दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "तू थकली आहेस. शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचंच असं होतं. आणि श्रोता नव्हता काय म्हणतेस? सकाळी फाटकाशी भेटले मला. तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले."

चिमी म्हणाली, मी उपदेश अर्धाच केला होता.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, असं कसं? शेवटाबद्दलच तर त्यांनी अख्खी मागची बाजू लिहिलीय. वीस वर्षांत इतका सुंदर शेवट माझ्या विद्यार्थ्याने केलेला मी ऐकला नाही. वाच, वाच.

चिमीने कार्ड उलटं केलं. वाचलं. तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. माणसाला रिपोर्ट हातात मिळतो आणि तो वाचून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो, तसं तिने ते दोनदा वाचलं.

मग तिने तोंड उघडलं. ती सांगणार होती की हा शेवट तिचा नाही, मला माहीत होतं.

मी टेबलाखाली तिचा हात घट्ट दाबला.

तिने तोंड मिटलं.

मॅडमनी सही केली.

याला आता चार वर्षं झाली. चिमी पाळक आहे, त्याच लहानशा मंडळीत. आई सुखाने गेली. लोक सांगतात, फार छान बोलते, ऐकताना डोळ्यांत पाणी येतं. कार्डावर काय लिहिलं होतं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, तो शेवट मी अजून बोलले नाही, ताई. राखून ठेवलाय.

तिच्या चर्चमध्ये दारापाशी मंडळीतला एक वडीलधारा माणूस उभा असतो, आलेल्यांची डोकी मोजून वहीत लिहितो. चिमीही पुलपिटवरून मोजते. सवयच लागलीय तिला. दर रविवारी त्याच्या वहीत तिच्यापेक्षा एक जास्त असतो. तिने दोनदा विचारलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही मागच्या बाकावरच्या त्या बाबांना धरत नाही वाटतं.

परवा तिचा फोन आला होता. मी म्हटलं, सोड ते सगळं, दुसरीकडे बदली माग. ती म्हणाली, "ते बसलेले असतात याची आता भीती नाही वाटत. मी तो शेवट बोलले, की ते उठतील. आणि एकटे जाणार नाहीत."



दर महिन्याला ती मला बोलावते. एकदा तरी येऊन बस, ऐक म्हणते. मी ड्यूटी आहे सांगते. ड्यूटी नसते. मला त्या दारातून आत जायचं धाडस होत नाही. मागच्या बाकावर मला कुणी दिसलं तर मी काय करू... आणि नाही दिसलं तर तिला काय सांगू?