टोळाचा श्वास

जी गाडी कोल्हापुरात वाऱ्यासारखी पळायची, तिला लडाखमध्ये साधी एक टेकडी का चढवेना? गाडी तीच, इंजिन तेच, पेट्रोल तेच आणि चालवणारे अण्णाही तेच! यामिनीला हे कोडं उन्हाळाभर छळत होतं. अण्णांनी तिला उत्तर समजावलं होतं आणि तिनं शहाण्यासारखी मानही डोलावली होती. पण खरं सांगू का, बाळांनो? तिला ते नीट कळलं फार उशिरा, भर खिंडीत, भीतीनं तोंडचं पाणी पळालेलं असताना.

अण्णा म्हणजे यामिनीचे आजोबा. उभा जन्म कोल्हापुरात इंजिनांवर संशोधन करण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुट्या भागांच्या पेट्या मागवल्या आणि नातीला हाताशी धरून अंगणात गाडी जोडली. नळ्यांचा सांगाडा, पातळ पत्र्याची पाठ आणि मोटारसायकलचं इंजिन, संपली गाडी. वजनाला इतकी हलकी की चार दणकट माणसं तिला उचलून बाजूला ठेवतील. तिचं नाव टोळ. तिच्या दर्शनी फळीवर ‘पोपट’ नावाचा एक बोलका यंत्रमानव बसवला होता. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, पण बडबड करायला तोंड मात्र होतं.

यामिनीचे बाबा लडाखच्या उंच पठारावर एका आकाशवेध केंद्रात तारे बघायचं काम करत. आई कोल्हापूरलाच होती. त्या वर्षी अण्णा आणि यामिनी बाबांकडे राहायला गेले, आणि टोळही ट्रकवर चढून गेला. तिथं पोचल्यावर मात्र पहिल्याच चढावर टोळाला धाप लागली.

“इंजिन काय खातं, सांग बघू?” अण्णांनी विचारलं होतं.

“पेट्रोल!”

“अर्धंच सांगितलंस. हवा कोण खाणार मग? पेट्रोल जळायला हवेतला प्राणवायू लागतो. समुद्राकाठी इंजिनाच्या एका घोटात जेवढी हवा येते, तिला शंभर धर. कोल्हापुरात ती त्र्याण्णव भरते. आणि इथं? सत्तावन्न! घोट तेवढाच, पण आतली हवा विरळ. मग पेट्रोल कितीही ओत, ते जळणार कशानं? नुसता काळा धूर निघतो.”

“मग मोठं इंजिन लावायचं.”

“आणि हलक्या गाडीचा रणगाडा करायचा? नाद सोड. इंजिन तेच ठेवायचं, घोटात हवा जास्त कोंबायची.”

म्हणून त्यांनी टोळाला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) बसवला. त्यात एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पहिल्या पंख्याला फिरवतो, म्हणजे वाया जाणारा जोर कामाला लागतो. तो फिरला की पलीकडचा दुसरा पंखाही फिरतो, आणि तो बाहेरची विरळ हवा ओढून, दाबून आत ढकलतो. दाबली की हवा तापते. सायकलमध्ये जोरात हवा भरताना पंप कसा गरम होतो, तसंच. फार तापलेली हवा गेली तर पेट्रोल भलत्याच वेळी पेट घेतं आणि इंजिन आतून ठोके देत फुटतं. म्हणून वाटेत एक जाळी (हवा गार करणारी) बसवली. शिवाय दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून एक झडप, कुकरच्या शिट्टीसारखी.

“शंभरच्या वर जायचं नाही,” अण्णा म्हणाले. “इंजिनाला वाटलं पाहिजे आपण समुद्राकाठी आहोत. त्याहून जास्त हाव केली तर ते आपल्यालाच महागात पडेल.”

बाबांना मात्र हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. “घरात जोडलेली गाडी आहे ती. केंद्राभोवती फिरवा हवी तर. खिंडीत न्यायची नाही म्हणजे नाही!”

मग आली खंडेनवमी. कोल्हापूरच्या माणसानं यंत्राची पूजा केली नाही असं कधी झालंय? पाने, हातोडे, दुर्बिणीची मोटर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. एवढ्या थंडीत ताजा झेंडू कुठून मिळणार? पण आईनं कापडी झेंडूचा जाडजूड हार शिवून पाठवला होता. यामिनीनं तो टोळाच्या दोन दिव्यांच्या मधोमध हौसेनं बांधला. पोपटही कौतुकानं म्हणाला, “टोळ नवरदेव दिसतोय!”

दुसऱ्या दिवशी बाबांना अंथरुणातून उठवेना.

आधी नुसता खोकला होता. मग श्वास घेताना छातीत घरघर ऐकू यायला लागली, ओठ निळे पडले. यामिनी त्यांचा हात धरून बसली, तर तो हात बर्फासारखा गार. खिंडीपलीकडच्या गावातल्या डॉक्टर पद्मा आंगमो रेडिओवर आल्या. म्हणाल्या, “विरळ हवेमुळं फुफ्फुसात पाणी होतंय. एकच औषध, लवकरात लवकर खाली आणा. मी रुग्णवाहिका घेऊन खिंडीच्या पलीकडच्या पायथ्याशी येते. बर्फ पडायला लागलंय, आमची गाडी त्यावर चढणार नाही.”

केंद्रातला प्राणवायू सकाळीच संपला होता. विजेवर चालणारा एक ट्रक सामान आणायला गेला होता, दुसऱ्याची बॅटरी थंडीनं मेली होती. केंद्रातल्या उडत्या यंत्राला इतक्या विरळ हवेत माणूस उचलवेना, कारण पंख्यांना रेटायला पुरेशी हवाच नव्हती. उरला एकटा टोळ.

“अण्णा, खिंड तर अजून उंच आहे,” यामिनी म्हणाली. “तिथं हवा आणखी कमी. बाबा तिथवर... अण्णा, बाबा मरतील का हो?”

अण्णांनी कपाटातून एक लांबलचक रबरी पिशवी काढली. दाबपिशवी (आत हवा दाबून भरता येते अशी बंद पिशवी). तिला डोळ्यांपाशी पारदर्शक खिडकी होती, जास्तीची हवा सोडणारी झडप होती आणि पायानं दाबायचा पंप होता.

“खिंडीत बाहेर त्रेपन्नच हवा असली, तरी पंप मारत राहिलं की आत सदुसष्ट राहते. म्हणजे बाबा खिंडीवर असतील, पण त्यांच्या छातीला वाटेल खालच्या गावात आहेत. पण पंप थांबवायचा नाही. ताजी हवा आत जात राहिली पाहिजे. जमेल?”

“टोळासारखंच!” ती एकदम म्हणाली.

“टोळासारखंच,” अण्णा म्हणाले. “चल, बस.”

बाजूची बैठक काढून बाबांना पिशवीत घालून आडवं ठेवलं. यामिनी मागे कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि पंप मारू लागली. पिशवी फुगली, झडप सुस्कारली, आणि टोळ निघाला.

चढ सुरू झाला तसा टर्बो शीळ घालू लागला. “बाहेर पंचावन्न, इंजिनात अठ्ठ्याण्णव,” पोपट सांगत होता. टोळ खरोखरच कोल्हापुरातल्यासारखा पळत होता. पण उजवीकडे दरी होती, तिचा तळ दिसत नव्हता. यामिनीनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकी तिकडंच बघत राहिली.

मध्येच पंप पायाखाली दाबलेलाच राहिला, वर येईना. वाकून बघते तो काय, तिचीच शाल पंपाच्या हवा ओढायच्या भोकावर बसली होती! शाल खेचली तसा पंप फुर्र करून वर आला. हुश्श!

खिंडीजवळ ओलं बर्फ पडायला लागलं. आणि एकाएकी टोळाची शीळ मंदावली. इंजिन गुदमरलं, मागून काळा धूर निघाला, वेग माणसाच्या चालीवर आला.

“टर्बो गेला,” अण्णा पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. यामिनीनं त्यांना असं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. “मागं फिरावं लागणार, पोरी.”

मागं म्हणजे केंद्रात. तिथं ना प्राणवायू, ना डॉक्टर. पिशवीच्या खिडकीतून बाबांचे डोळे तिच्याकडं बघत होते. ती पंप मारत होती आणि रडत होती.

“बाहेर त्रेपन्न,” पोपट म्हणाला, “इंजिनात बेचाळीस.”

यामिनीनं नाक पुसलं. “काय म्हणालास? पुन्हा सांग.”

“बाहेर त्रेपन्न, इंजिनात बेचाळीस.”

“अण्णा, थांबा! टर्बो मेला असता तर आतली हवा बाहेरच्याइतकीच असती ना? साधारण त्रेपन्न. मग बाहेरच्यापेक्षा इतकी कमी कशी? माझ्या पंपासारखं झालंय! तोंड बुजलंय त्याचं. अण्णा, हार! माझा हार!”

अण्णांनी ब्रेक दाबला आणि कपाळावर हात मारला. “अगं माझे आई! टर्बोचं हवा ओढायचं तोंड दोन दिव्यांच्या मध्येच आहे की. एवढी जोराची ओढ, त्यात ओलं कापड. तोंडावरच चिकटलं असणार, आणि वरून बर्फ लिंपलं गेलं. ते पंखे मीच बसवले, पूजाही माझ्यासमोरच झाली, आणि मला एवढं सुचलं नाही!”

पण आता उतरायचं कुणी? अण्णांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असता तर इंजिन बंद पडलं असतं, आणि या थंडीत ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. राहिली यामिनी. आणि ती उतरली तर पंप कोण मारणार?

“बाबा...” तिनं खिडकीवर हात ठेवला.

बाबांनी आतून हळूच बोट हलवलं. जा, असं.

तिनं भराभरा पंप मारून पिशवी टम्म केली आणि उडी टाकली. वाऱ्यानं तिला गाडीवरच आपटलं. समोर झेंडू कुठले, बर्फाची एक ओबडधोबड भाकरीच चिकटली होती. नखांनी खरवडलं, निघेना. ती मोठ्यानं रडत होती, आणि “निघ ना रे, निघ!” म्हणत ओढत होती. शेवटी तिनं पाय दिव्याखाली रोवले, हार दोन्ही हातांत धरला आणि सगळं अंग मागं टाकलं. दोरा तुटला, ती उताणी पडली, आणि तिच्या कानाशी टोळानं एक लांबलचक श्वास घेतला.

शीळ! अगदी पहिल्यासारखी शीळ!

“इंजिनात साठ... ऐंशी... सत्त्याण्णव!” पोपट ओरडत होता. यामिनी धडपडत आत शिरली, पंपावर पाय ठेवला आणि खिडकीत बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले होते. तिनं पंप मारला. पुन्हा मारला. ‘उघडा ना, बाबा, उघडा ना डोळे,’ ती मनातल्या मनात म्हणत राहिली. खिंडीच्या माथ्यावरच्या रंगीत पताका मागं पडल्या, रस्ता उताराला लागला, आणि तेव्हा कुठं ते डोळे उघडले.

पायथ्याशी रुग्णवाहिकेचा लाल दिवा दिसला, तोवर यामिनीचा पाय बधिर झाला होता. डॉक्टर आंगमोंनी बाबांच्या नाकाशी प्राणवायू लावला, नाडी पाहिली आणि हिंदीत म्हणाल्या, “आता पंप सोड, बेटी. वाचले ते.” तरी तिचा पाय थांबेना. अण्णांनी तो हातात धरून थांबवला.

चार दिवसांनी खालच्या गावातल्या दवाखान्यात बाबा उशीला टेकून बसले होते. ओठ पुन्हा गुलाबी झाले होते. यामिनी त्यांच्या पायाशी बसून विचारत होती, “मंगळावर तर हवा शंभरातली एकसुद्धा नाही. मग तिथं माणसं श्वास कशी घेणार?”

“तिथली हवा आपल्या श्वासाच्या कामाचीच नाही,” अण्णा म्हणाले. “पण ती गोळा करून, दाबून, तिच्यातून प्राणवायू वेगळा काढता येतो. त्यासाठी लागणारी यंत्रं तू कर. मी पाने देईन हातात.”

“पण मंगळावर खंडेनवमी केलीस,” बाबा हसत, खोकत म्हणाले, “तर हार मागच्या बाजूला बांध.”

यामिनीला हसू आलं आणि रडूही आलं. ती उठून बाबांच्या छातीला कान लावून बसली. आत घरघर नव्हती. नुसता श्वास येत होता आणि जात होता, आणि ती कितीतरी वेळ तो ऐकत राहिली.