सुंदराची सव्वा मूठ

सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत गाडी उभी करायला जागा नाही. चुकून केलीच, तर दुपारपर्यंत तिच्यावर कुणाच्या तरी गोधड्या वाळत पडलेल्या असतात. अशा ठिकाणी माझ्या धाकट्या भावाने, सुकदेवने, दोन माणसांची स्पोर्ट्स कार केली. विकत आणली नाही, घरात बसून केली.

त्याच्या घराच्या तळमजल्यावर पूर्वी लूम होते. ते भंगारात गेले आणि त्या जागी खोक्यांतून लोखंडी सांगाडा आला, मग फायबरची बॉडी आली, मग एका जुन्या मारुतीचं इंजिन. सोबत जोडणीचे कागद होते. सुकदेव जन्मभर लूममास्तर. त्याने कागदांचा उपयोग वडापाव खाताना केला आणि गाडी हाताने जोडली. हळदीच्या रंगाची, बिनछपराची, जमिनीला चिकटलेली. दिसायला सुरेख होती, हे मी शत्रूचं कौतुक करावं तसं सांगतो. पण घरी केलेल्या गाडीचं पासिंग होईना, आणि पासिंग नाही म्हणजे रस्ता नाही. शिवाय बाहेर काढायची तर दाराची चौकट फोडावी लागली असती. तेव्हा ती तळमजल्यावरच राहिली. सुकदेवने तिचं नाव सुंदरा ठेवलं.

मला तिचा हेवा वाटत नव्हता. वस्तूचा हेवा करणारा माणूस मी नव्हे. मला तिचा फक्त रंग आवडत नसे, आणि नाव, आणि दिवे, आणि सुकदेव तिच्याशी बोलायचा ते.

कारण पूर्वी तो माझ्याशी बोलायचा. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी हजेरी घ्यायचो. लोकांना गैरहजर ठरवण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर संध्याकाळचा चहा सुकदेवच्या ओट्यावर घ्यायचा असं ठरून गेलं होतं. घरं भिंतीला भिंत लागून. पारोळ्याकडचं आमचं गाव, विहीर, मास्तरांचा मार, हे सगळं तो मला रोज नव्याने सांगायचा आणि मी रोज नव्याने ऐकायचो. गाडी पुरी झाली आणि तो कप घेऊन स्टिअरिंगमागे जाऊन बसू लागला. विहीर तिला, मास्तर तिला. मी बाहेर स्टुलावर. बाजूची सीट रिकामीच असे, पण तिथे बस असं तो कधी म्हणाला नाही, आणि बसू का असं विचारणारा मी नव्हे.

त्या सीटवर माणूस बसून उठल्यासारखा खळगा पडलेला असे. हाताने सपाट केला तरी सकाळी परत. याला साधं कारण होतं. फोम माझ्या जुन्या आरामखुर्चीचा होता. सुकदेवने तो न विचारता कापून नेला होता.

या प्रकरणात माझ्या बाजूने एकच माणूस होतं, ते म्हणजे सुकदेवची बायको भागीरथी. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ती थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय येत नाही आणि फार बोलत नाही. पण एकदा पदराआडून म्हणाली, “सवत आणली असती तर भाजी तरी निवडू लागली असती, दादा.”

मागच्या श्रावणापर्यंत हे असं चाललं होतं.

श्रावणात आमच्याकडे कानबाई ही खानदेशी देवी बसते. खानदेशातून सुरतेला येताना लोक भांडीकुंडी मागे टाकून आले, पण तिला घेऊन आले. तिच्या नैवेद्याच्या रोटांचा एक नियम आहे. आदल्या आठवड्यात घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकायचे, आणि त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. शेजाऱ्याला तुकडा नाही, उरलेलं टाकायचं नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा. आमच्या दोन्ही घरांची कानबाई एक, आणि गहू मापायचा मान माझ्या बायकोचा, वत्सलाचा. तिने माझ्यापासून सुरुवात केली, “वाल्मिक” असं नवऱ्याचं नाव वर्षातून एकदाच घेतलं, मग सुकदेव, भागीरथी, त्यांचा मुलगा वैभव, शेवटी स्वतः. ती हात झटकते न झटकते तोच सुकदेवने पुढे होऊन एक सव्वा मूठ टाकली आणि म्हणाला, “सुंदरा.”

सगळे हसले. पडलेले गहू परत काढायचे नसतात, म्हणून राहू दिले.

रविवारी रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. भाजीतली साल मी खात नाही. ती मी ताटाच्या काठाला ओळीने लावून ठेवतो, आणि वत्सला लग्नापासून त्यावरून मला बोलते. सुंदराच्या वाट्याचं ताट सुकदेवने खाली नेऊन बाजूच्या सीटवर ठेवलं. सकाळी ते पुसल्यासारखं स्वच्छ होतं. एक मुंगी नाही. फक्त गंगाफळाच्या साली होत्या, काठाला, ओळीने.

“उंदीर,” मी म्हणालो.

“तुमच्यावर गेलाय,” वत्सला म्हणाली.

यंदा गाडीला गिऱ्हाईक आलं. कामरेजचे परसोत्तमभाई. त्यांचा लग्नाचा पार्टी प्लॉट आहे आणि नवरानवरीने फोटो काढायला त्यांना गाडी हवी होती. तिथे पासिंग लागत नाही. ते आले तेव्हा मी वर सुकदेवच्या माडीवर होतो. खाली आलो तर ते नुकतेच स्टिअरिंगमागून उठून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजूच्या सीटकडे, मग परत माझ्याकडे.

“काका, तमे क्यारे ऊतर्या?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हा काय, आत्ताच जिन्यावरून उतरलो. ते हसले, पण नंतर चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. गाडी मात्र पसंत होती. कानबाईचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन येतो, चौकट माझ्या खर्चाने फोडतो आणि परत बांधून देतो, असं सांगून गेले.

सुकदेव पेचात पडला. त्याची कंबर धरली होती, त्या खोलगट सीटमधून उठायला त्याला वैभव लागायचा. वैभवला तिथे दुकान काढायचं होतं. भागीरथीने माहेरी जायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती: ती तरी राहील नाहीतर मी तरी. दोन दिवसांनी सुकदेव माझ्याकडे आला. आमच्यात थोरल्याचा शब्द शेवटचा.

“दादा, तुम्ही सांगशात तसं करसू.”

विक, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होता. पण इतक्या दिवसांनी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला होता, मान खाली घालून, आणि सुंदरा पलीकडे एकटी होती. मला ते जरा पुरवून खायचं होतं. मी म्हणालो, रोटांच्या दिवशी सांगतो.

त्या आठवड्यात गहू मापले. सुकदेवने यंदाही सुंदराची मूठ टाकली. तो आणि वत्सला वर गेल्यावर भागीरथीने त्या ढिगातून सव्वा मूठ काढून पदराला बांधली आणि अंगणात कबुतरांना टाकली.

“काढी टाकी तिले,” ती मला म्हणाली. “आते खुशाल इका.”

मी मान डोलावली. गव्हावर कुणाचं नाव नसतं, निघाली ती मूठ कुणाची कुणास ठाऊक, हे तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं, आणि मला त्याचं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी भागीरथी ओटा झाडत होती. मी समोर बसलो होतो. ती गुणगुणत होती, आणि तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तिचे केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी कळलं.

मग चहा आला. माझा कप नव्हता. निवृत्त माणसाला यात नवल वाटत नाही. न्हाव्याकडे माझ्यामागून आलेले दोघे माझ्याआधी दाढी करून गेले. शेअर रिक्षात बसलो होतो, तर रिक्षावाल्याने माझ्या जागेवर एका बाईला बसायला सांगितलं. मीच घाईने उतरलो. वत्सला मला ओट्यावर ठेवून घराला कुलूप लावून देवळात गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको नवऱ्याकडे किती लक्ष देते याचा मला अंदाज होता, म्हणून मी वाट पाहत बसलो. निवृत्ती कुठे संपली आणि हे कुठे सुरू झालं, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

मिलमध्ये मी ज्यांना गैरहजर मांडायचो ते समोर येऊन ओरडायचे, साहेब, मी उभा आहे ना इथे. मला त्यांचा आरडाओरडा अति वाटायचा.

रविवारी कानबाई बसली. वैभवने देवीची नथ नीट केली, आरती झाली, पंगत पडली. मी माझ्या नेहमीच्या जागी, सुकदेवच्या उजव्या हाताला बसलो. वैभवने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. ताट कुणी ठेवलं नाही.

वत्सला वाढत पुढे आली.

“माझं ताट?” मी म्हणालो.

ती मला ओलांडून गेली. तिचा पदर माझ्या गुडघ्याला लागला. तिने तो झटकला.

“सर्वासनं व्हयनं का?” तिने विचारलं.

“सुंदरानं राहिनं,” सुकदेव म्हणाला.

भागीरथी चमकली. पण रोट मोजून केलेले, आणि एकाचा वाटा परातीत उरलेला होता. उरलेला टाकायचा नसतो. सुकदेवने ताट वाढून घेतलं आणि भिंतीला धरून तो जिना उतरू लागला. मी मागून गेलो.

खाली संध्याकाळचं ऊन दाराच्या फटीतून बॉनेटवर पडलं होतं. गाडीचा आरसा दाराकडे वळलेला होता, आणि त्यात मी दिसत होतो. आठवडाभरात मी प्रथमच कुठेतरी दिसलो.

बाजूचं दार उघडं होतं.

मी बसलो. खळगा मला बरोबर बसला. खुर्ची माझीच होती शेवटी.

सुकदेवने ताट सीटवर, म्हणजे माझ्या मांडीवर ठेवलं आणि कण्हत स्टिअरिंगमागे बसला.

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

“परवा परसोत्तमभाई येईल,” तो म्हणाला. “काय करू, सांग ना.”

मला त्याने इतक्या मऊ आवाजात जन्मात काही विचारलं नव्हतं. मला तो ‘तुम्ही’ म्हणायचा. आणि क्षणभर मला तिचा, जिच्यात मी बसलो होतो तिचा, फार हेवा वाटला.

भागीरथीची पिशवी वर दाराशी होती. बसल्या जागेवरून जिन्यातून ती मला दिसत होती.

“विकू नको,” मी म्हणालो.

सुकदेवने मान हलवली. डॅशबोर्डवर हात फिरवला.

“बरं,” तो तिला म्हणाला. “नही इकत.”

मग तो विहिरीचं सांगू लागला. मास्तरांचं. विहिरीवर त्याच्यासोबत एक पोरगा असायचा, थोडा मोठा, पण त्याचं नाव काही केल्या आठवत नाही, म्हणाला. मी ऐकत राहिलो, अगदी जवळून. मला हेच हवं होतं.

ऐकता ऐकता मी रोट खाल्ला, खीर खाल्ली, ताट बोटाने पुसून घेतलं. आणि गंगाफळाच्या साली काठाला ओळीने लावून ठेवल्या, मागच्या वर्षी लावल्या होत्या तशाच.