पिवळी ताई हलतच नाही!

"मी सांगते ना, ती हललीच नाही!" भिंगरी फुटपाथवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाली. "काल एवढा मोठा चेंडू तिच्या डोक्यात बसला. माणूस निदान 'आई गं' तरी म्हणेल की नाही?"

"सोशिक असेल," ढापण्या म्हणाला. हा तिचा धाकटा भाऊ. जाड चष्मा आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नावर तयार उत्तर, ही त्याची ओळख.

"सोशिक? टोपी वाकडी झाली तरी सरळ केली नाही तिने!"

दोघंही सुट्टीत मावशीकडे आली होती आणि सुट्टी सगळी खेळघरं पाहण्यात चालली होती. मावशीला सोमवारपासून रक्त तपासायच्या लॅबमध्ये नवी नोकरी लागली होती. मग तिच्या तीन वर्षांच्या मुलीला, टिल्लीला, दिवसभर ठेवायचं कुठे? एवढ्या मोठ्या शहरात खेळघरांना तोटा नव्हता. पण एका ठिकाणी गाद्यांना कुबट वास होता, दुसरीकडे गाणी इतक्या जोरात की कान किटले. दोन्ही वेळा नाक मुरडलं होतं ते भिंगरीनेच.

हे तिसरं मात्र मावशीला पाहताक्षणी आवडलं. खाली मुलांचं रंगीत राज्य, वर काचेमागे आईबाबांसाठी मऊ खुर्च्या आणि कॉफी. मॅनेजर छाती फुगवून सांगत होता, "वरून कुठेही नजर टाका, तिथे आमची पिवळ्या टीशर्टातली ताई दिसणारच!"

"आता एकही खुसपट काढायचं नाही," मावशीने कालच बजावलं होतं. "ही जागा हुकली तर माझी नोकरी हुकली. कळलं?"

कळलं होतं, म्हणून तर भिंगरीला रात्रभर झोप नव्हती. बोलावं तर मावशीची नोकरी जायची. गप्प बसावं तर टिल्लीचं काय? आज टिल्ली तासभर खेळून बघणार होती आणि मग मावशी नाव नक्की करणार होती.

"म्हणून लिंबूला आत पाठवायचं," ती म्हणाली. "लिंबू, तू पिवळ्या ताईकडे जाऊन पाणी माग. ती बोलली, तर मी तोंडाला कुलूप लावते. मावशीची माफीही मागते."

लिंबू हा मावशीच्या शेजारचा मुलगा. चांगला नऊ वर्षांचा, पण अंगाने चिमूटभर. "मीच का?"

"कारण मोठ्या मुलांना खाली सोडत नाहीत. आणि तू बुटका आहेस."

"मी बुटका नाहीये! माझी उंची वाढायची राहिलीय!"

दारात रंगवलेला जिराफ होता. त्याच्या मानेपेक्षा उंच मुलाला प्रवेश नाही. लिंबूने गुडघे वाकवले, गाल फुगवले आणि तोंडात अंगठा घातला.

"किती वर्षांचा रे तू?" मॅनेजरने विचारलं.

"थात," लिंबू म्हणाला. ढापण्याला हसू आवरेना, म्हणून तो खोटंखोटं खोकत सुटला. मावशी फोनवर लॅबवाल्या मॅडमशी बोलत होती, तिचं लक्षच नव्हतं.

वर काचेपाशी भिंगरीचा जीव काही जागेवर राहीना. ती बसायची, उठायची, काचेला नाक लावायची, पुन्हा बसायची. बाकीचे आईबाबा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मध्येच एखादी आई मान वर करायची, पिवळे टीशर्ट दिसले की पुन्हा मान खाली.

एक पिवळी ताई दारापाशी मुलांचे बूट काढत, नाकं पुसत नुसती धावत होती. दुसरी चेंडूंच्या हौदाशी उभी, तिसरी उंच घसरगुंडीवर. दोघींच्या टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या.

"आणि आपला हेर कुठाय?" ढापण्याने विचारलं.

हेर घसरगुंडीवर होता! सूंऽऽ करत खाली यायचा आणि पुन्हा वर पळायचा. पाणीबिणी साफ विसरला होता पठ्ठ्या!

"लिंब्या, मार खाशील!" भिंगरी दात-ओठ खात पुटपुटली. आणि तेवढ्यात तिची नजर हौदाकडे गेली.

टिल्ली हौदावरच्या जाळीवर चढली होती. तिचा पाय जाळीत अडकला, तोल गेला, आणि ती उलटी लटकली. तोंड उघडं, चेहरा लालभडक. काचेमुळे रडणं ऐकू येत नव्हतं, हे तर जास्तच भयंकर होतं. पिवळी ताई तिच्या अगदी हाताशी उभी होती. पण हलेल तर शपथ!

भिंगरीने काचेवर धाडधाड मुठी आपटल्या.

"ए मुली, काचेवर डाग पडतात!" मॅनेजर धावत आला.

"टिल्ली अडकलीय! त्या ताईला सांगा!"

"आमच्या ताईंचं बरोबर लक्ष असतं."

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" असं म्हणत मावशी काचेपाशी आली आणि तिच्या हातातला फोन गळून पडला. "टिल्ली!"

भिंगरी जिन्याकडे पळाली, तर मॅनेजर दोन्ही हात पसरून आडवा! "मोठ्या मुलांना खाली मनाई आहे! पालकांनीही शिस्तीने..."

ढापण्याने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात वाढदिवसांच्या घोषणा करायचा माइक होता. त्याने झडप घालून तो उचलला.

"लिंबू! टिल्लीला धर! जाळीखाली! पळ!"

आवाज सगळ्या खेळघरात घुमला. लिंबू घसरगुंडीवरून उठला तो थेट हौदात उडी मारून जाळीखाली पोचला आणि टिल्लीला त्याने खांद्यावर तोलून धरलं. पाय काही सुटेना. "ताई, मदत करा ना!" त्याने पिवळ्या ताईचा हात धरून ओढला.

हात निघून आला! आख्खा, खांद्यापासून!

लिंबू क्षणभर किंचाळला. मग त्याने तो हात उंच धरला आणि वरच्या काचेकडे बघून जोरजोरात हलवला. कॉफीचे कप आडवे झाले, खुर्च्या उलटल्या, आणि सगळे आईबाबा जिन्यावरून असे सुटले की मॅनेजर भिंतीला चिकटला.

दारापाशी धावणारी खरी ताई सगळ्यांच्या आधी पोचली. तिने टिल्लीचा पाय अलगद सोडवला. मावशीने टिल्लीला छातीशी धरलं आणि तिथेच, चेंडूंमध्ये, मट्टकन बसली.

"कपड्यांच्या दुकानातला पुतळा!" ढापण्या टोपी उचलून ओरडला.

"सुट्ट्या लागल्या आणि दोघी ताई काम सोडून गेल्या हो," मॅनेजर चाचरत म्हणाला. "नव्या मिळेपर्यंत तेवढं... वरून बरं दिसावं म्हणून..."

"मी कालपासून यांना सांगतेय, एकटीने होत नाही!" खरी ताई रडवेली झाली होती.

वर पडलेला फोन भिंगरीने घाईत उचलून आणला होता. त्यातून अजून आवाज येत होता. "हॅलो? काय झालं? कोण ओरडतंय?" त्या लॅबवाल्या मॅडम होत्या.

मावशीने डोळे पुसले. "मॅडम, मला सोमवारी नाही जमणार. जिथे टिल्लीला ठेवणार होते तिथे मुलांवर पुतळे नजर ठेवतात. मोठा जिराफ आहे ना दारात, तेच खेळघर."

पलीकडून मॅडम ओरडल्याच. "अगं, माझा नातू आहे तिथे! त्याची आई त्याला सोडून कामावर गेलीय! पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट!"

भिंगरीने पुढचं ऐकलंच नाही. ती एका दमात घसरगुंडीवर चढली. दुसऱ्या पुतळ्याच्या मागे, गादीच्या फटीत, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेलं पोर अंगाची मुटकुळी करून गाढ झोपलं होतं. तिने त्याला अलगद उचललं.

"सापडला! झोपलाय!" ती वरूनच ओरडली.

मॅडम तिथे येईपर्यंत मॅनेजरचा सगळ्या पालकांनी मिळून खरपूस समाचार घेतला होता. दाराला कुलूप लागलं, पुतळे बाहेर आले. मॅडमनी नातवाचे मुके घेतले आणि भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही एवढी शिकलेली माणसं वरून टीशर्ट बघत बसलो, आणि टीशर्टात माणूस आहे का ते तू बघितलंस! शाब्बास! तुम्हा तिघांनाही शाब्बास!" मग मावशीकडे वळून त्या म्हणाल्या, "चांगली जागा मिळेपर्यंत नोकरी तुझ्यासाठी राखून ठेवते. आणि मिळाली की मलाही सांग."

"हात मी ओढला होता," लिंबूने हळूच आठवण करून दिली. खुशीत त्याची छाती चांगलीच फुगली होती.

दुसऱ्या दिवशी सगळी फौज पुन्हा निघाली. एका साध्याशा इमारतीत तळमजल्यावर एक खेळघर होतं. ना काच, ना कॉफी. एक जाडजूड बाई मुलांच्या मधोमध सतरंजीवर बसल्या होत्या. मावशीने वेळा विचारल्या, खाण्याचं विचारलं, झोपेचं विचारलं. बाईंनी सगळी उत्तरं दिली, पण मान काही वळवली नाही. बोलताबोलता एकाच्या तोंडातून खडू काढला, दुसऱ्याला कॉलर धरून खिडकीपासून मागे ओढलं.

मावशी भिंगरीच्या कानाशी लागली. "कमाल आहे! समोरच्या माणसाकडे बघून तरी बोलावं!"

"मावशी, हीच जागा!" भिंगरीने तिचा हात घट्ट धरला. "त्या आपल्याकडे बघतच नाहीयेत!"

मावशी थबकली. बाईंची नजर कुठे कुठे फिरते ते तिने नीट पाहिलं. मग तिने टिल्लीला खाली सोडलं आणि भिंगरीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवला. "बाई, सोमवारपासून हिला तुमच्याकडे ठेवीन म्हणते."

"ठेवा की," बाई म्हणाल्या. त्या टिल्लीकडे बघत होत्या.