हरद लागलेलं पाणी

विक्की, तो ग्लास खाली ठेव आणि इकडे बस. पाण्याला पावडरचा वास येतो म्हणून तोंड वाकडं करतोस ना, मग लाइट येईपर्यंत एक गोष्ट ऐक. स्वाती, तूही सरक जवळ. भुताची आहे की कशाची ते तुम्हीच ठरवा. मी मामा म्हणून चार थापा मारत असेन, पण ही त्यातली नाही. आमच्या गावच्या खुशालवर घडलेली आहे. त्यानं ती मला एकदाच सांगितली, माझ्या रेशन दुकानात गव्हाच्या पोत्यावर बसून, मान वर न करता.

खुशाल आमच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होता. नाव भारदस्त, मानधन चिल्लर. काम एवढंच, की रोज टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर कालवून टाकायची आणि ती शेवटच्या नळापर्यंत पोचली का ते पाहायचं. त्यासाठी बोटभर काचेची नळी असते. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर पोचली, पांढरंच राहिलं तर नाही पोचली. मग रजिस्टरात लिहायचं आणि ज्याच्या दारात तपासलं त्याची सही घ्यायची.

आमचा शेवटचा नळ नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, धुरपताबाई मडावीच्या अंगणासमोर. म्हातारी मोठी कौतुकाची. खुशाल आला की नळाच्या ओट्यावर बसून हात पुढे करायची, नळी स्वतः धरायची, डोळ्यांसमोर नेऊन पाहायची. पाणी पिवळं झालं की सगळ्या टोल्याला ऐकू जाईल असं ओरडायची, "लागली रे हरद! पेवा आता!" नवरदेवाला हळद लागल्याशिवाय मांडवात आणत नाहीत, तसं हळद लागल्याशिवाय पाणी घरात आणायचं नाही, असा तिनं टोल्यावर रिवाजच पाडला होता. तिला अक्षर येत नव्हतं. ती रजिस्टरात अंगठा द्यायची आणि शाई पदराला पुसायची.

आता माझं पाप ऐका. गावात कुरकुर सुरू झाली. चहाला वास येतो. डाळ शिजत नाही. लुगड्यांचा रंग उडतो. सरपंचाच्या घरून निरोप, मास्तरच्या घरून निरोप. आणि मीही दुकानात त्याला म्हटलं, "खुशाल, बाप्पा, थोडी कमी टाकत जा ना. चहा हाये का दवाखाना?" सगळे हसले. खुशालही हसला. भला माणूस, कोणाचं मन मोडवत नसे. त्यानं पावडर आधी निम्मी केली. मग दिवसाआड. मृग लागला तेव्हा पार बंदच झाली. लोक म्हणायला लागले, आता कसं पाणी गोड लागतं. त्याला दोन घरी चहा जास्त मिळू लागला.

पावडरच नाही तर नळी पिवळी होणार कशी? आणि चिखल तुडवत टोल्यावर जायचं ते काय धुरपताबाईला पांढरं पाणी दाखवायला? मग तो घरीच बसून लिहायचा. तारीख, शेवटचा नळ, पिवळा. सहीच्या रकान्यात धुरपताबाईचं नाव, आणि त्यावर स्वतःचा डावा अंगठा. पहिल्या दिवशी हात अडखळला म्हणे. आठवड्याभरात तेही राहिलं नाही.

एकदा धुरपताबाईनं त्याला माझ्या दुकानातच गाठलं. मी समोर होतो.

"काऊन रे खुशाल, हरद पाह्याले येत नाईस आता?"

"मी टाकीपाशीच पाह्यतो बाई. हरद लागूनच येते पाणी."

"खरं?"

"मंग का खोटं बोलतो का तुमच्यापाशी?"

"तू म्हणतेस तं पेतो बाप्पा," ती म्हणाली, आणि साखरेची पिशवी घेऊन गेली. मला सगळं माहीत होतं. मी काटा पुसत बसलो.

टोल्याची पाइपलाइन नाल्याच्या पात्रातून जाते. तिथला एक जोड पावसात सुटला होता, हे नंतर कळलं. पोळ्याच्या आठवड्यात टोल्यावर हगवण लागली. सात-आठ जणांना सलाइन लागलं. धुरपताबाई सोमवारी गेली, दवाखान्याच्या वाटेवरच.

मंगळवारी सकाळीच तालुक्याची माणसं आली. त्यांनी रजिस्टर पाहिलं. स्वच्छ अक्षर, रोज पिवळा, रोज अंगठा. मग पाण्याचा काय दोष? त्याच आठवड्यात टोल्यावर लालसूच्या नातवाचं बारसं झालं होतं. सगळे म्हणाले, बारशाच्या जेवणातूनच झालं. लालसूच्या सुनेनं भात रांधला होता. ती पोर तेव्हापासून घराबाहेर पडेना. लोक त्यांच्याकडे विस्तवसुद्धा मागेनात. खुशाल तिथं उभा होता. त्यानं मान डोलावली. मीही डोलावली.

आता रात्र सांगतो. दोन हजार तेवीस साल. तान्हा पोळा, शुक्रवार. दिवसभर पोरं लाकडी बैल घेऊन फिरली होती, संध्याकाळी गाव लवकर निजलं. अवस आदल्या दिवशीची, आकाशात चंद्राचं नाव नाही. साडेआठ वाजता खुशाल रजिस्टर पुढे घेऊन बसला, कारण शनिवारी सकाळी तालुक्याची माणसं ते घेऊन जाणार होती. त्यानं शेवटचं पान उघडलं, आणि ओळींवरून बोट फिरवलं.

मंगळवार, धुरपताबाई, अंगठा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तेच नाव, तोच अंगठा.

म्हातारी सोमवारी गेली होती. सवयीनं हात चालत राहिला होता. मेलेल्या बाईचे चार अंगठे त्यानं घेतले होते.

खाडाखोड करावी तर उद्या दिसणार. त्याला एकच सुचलं. टोल्यावर जावं, धुरपताबाईच्या नवऱ्याचा, दसरूभाऊचा अंगठा त्यावर उमटवून घ्यावा, उद्या म्हणावं तिच्या जागी नवऱ्यानं दिला, आणि त्याला म्हणावं नळ आता तुमच्या नावानं आहे. म्हातारा साधा आहे, विचारणार नाही. हे सांगताना खुशाल पोत्यावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. "मी त्या मानसाले बी फसवाले निघालो होतो भाऊ," म्हणाला. "त्याची बायको मारून."

त्यानं पिशवीत रजिस्टर, शाईचा पॅड, नळी आणि औषधाची बाटली घातली. नळी कशाला घेतली हे त्यालाही सांगता आलं नाही. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. मोबाइलच्या उजेडात तो पलीकडे गेला. टोल्यावर अंधार. थ्री फेज लाइट नऊला यायची, मोटर तेव्हा सुरू व्हायची, पाणी त्यानंतर. म्हणून बाया संध्याकाळीच आपापले गुंड, पाणी भरायची भांडी, नळाशी रांगेनं मांडून ठेवायच्या. गुंड म्हणजे माणूस. ज्याचा गुंड जिथं, त्याचा नंबर तिथं.

त्याही रात्री रांग होती. पण नळाच्या अगदी तोंडाशी एका गुंडाची जागा मोकळी होती. पहिला नंबर धुरपताबाईचा असायचा. ती जाऊन चार दिवस झाले, पण टोल्यावर कोणी आपला गुंड पुढे सरकवला नव्हता.

खुशाल ती मोकळी जागा बघत उभा राहिला. तेवढ्यात त्याला पाण्याचा आवाज आला.

नळ वाहत होता.

मोटर बंद. टाकी रिकामी. आणि नळ बारीक धारेनं वाहत होता. ओट्यावर कोणी तरी बसलं होतं. पाठमोरं. डोक्यावर पदर.

त्याला वाटलं, दसरूभाऊची बहीण आली असेल.

"बाई... दसरूभाऊ हाये का घरी?"

तो एक पाऊल पुढे सरकला.

"बाई?"

हात मागे आला. नुसता हात. तळवा वर.

त्या तळव्याची त्याला ओळख होती. रोजची. नळीसाठी असाच यायचा.

त्यानं नळी काढली. त्या हातात दिली. बोटं बोटांना लागली. ओली होती... गार होती.

नळी धारेखाली गेली. भरली. त्यानं थेंब सोडले. एक. दोन. तीन. त्याचाच हात, पण त्याला आवरेना.

नळी वर गेली. पदराच्या समोर थांबली.

पांढरं.

तो वाट पाहत राहिला. आयुष्यात कशाची पाहिली नसेल एवढी वाट पाहिली. जरा तरी पिवळं व्हावं. जरासं...

पांढरंच.

"हरद लागली का?"

आवाज तिचाच. रागाचा नाही. रोज विचारायची तसा.

त्याला हो म्हणता येईना. नाही म्हणता येईना. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. म्हणाला, भीती होती भाऊ, पन लाज तिच्याहून मोठी होती. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

"लागली का रे... खुशाल?"

"...नाई."

नळ थांबला.

मग त्याचा डावा हात कोणी धरला. अंगठा धरला. पॅडवर टेकवला. रजिस्टर उघडं होतं. त्यानं उघडलं नव्हतं. अंगठा शुक्रवारवर टेकला. मग गुरुवारवर. बुधवारवर. पान उलटलं. पुन्हा पॅड. पुन्हा पान. मागे. मागे. नाव तिचं. अंगठा त्याचा. एकेका खुणेवर. एकही सुटली नाही. श्रावण. आषाढ. मृगापर्यंत.

आणि नऊला लाइट आली.

खांबावरचा बल्ब लागला. ओट्यावर कोणी नव्हतं. नळ कोरडा, ओटाही कोरडा. रांगेतली ती जागा मोकळीच. खुशाल चिखलात गुडघे टेकून बसला होता, मांडीवर रजिस्टर, अंगठा शाईनं निळा.

दार वाजलं. दसरूभाऊ बाहेर आला. "कोन हाये? खुशाल? इतक्या रात्री काऊन आलास बाप्पा?"

खुशालनं त्याचे पाय धरले. सगळं सांगितलं. पावडर, नळी, अंगठे, सगळं. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी भिंतीला टेकून खाली बसला.

"त्या दिवशी ते पेत नव्हती," तो म्हणाला. "पाण्याले वास येते म्हने, चिखलावानी. मीच म्हटलो, पे वो, खुशाल पाह्यते तं रोज. मीच देल्लो तिले लोटा भरून."

एवढंच बोलला. शिवी दिली नाही.

सकाळी खुशालनं तालुक्याच्या माणसांसमोर, चावडीत, सगळं कबूल केलं. लालसूच्या सुनेचं नाव घेऊन म्हणाला, त्या पोरीच्या भाताचा काही दोष नाई. त्याचं काम गेलं. नाल्यातला जोड त्याच दिवशी सापडला. कोणी पावडर बंद करायला सांगितलं होतं का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, कोनी नाई, माझंच मन. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझं तोंड उघडलं नाही. ते आज पहिल्यांदा उघडतंय, तेही तुमच्यासमोर, अंधारात.

थांब विक्की, उठू नकोस. अजून एक आहे.

पुढच्या महिन्यात दसरूभाऊ रेशनला आला. खुशाल सोबत होता. त्या रात्रीपासून म्हाताऱ्याचं धान्य तोच वाहून नेतो. तुम्हाला माहीत आहे, आता अंगठ्याच्या मशीनशिवाय दाणा देता येत नाही. म्हाताऱ्याची बोटं कामानं घासलेली, मशीन घेईना. तो अंगठा धोतराला पुसायला लागला. मी मशीनवर पुन्हा नाव निवडलं, आणि घाईत बोट खालच्या नावावर पडलं. धुरपताबाईचं नाव कार्डावरून कमी व्हायचं होतं अजून. माझ्या ते ध्यानात आलं नाही. काच मळली होती. खुशालनं पुढे होऊन ती पुसली, डाव्या अंगठ्यानं.

मशीन टुंग वाजलं. पावती बाहेर आली.

मी वाचली. खुशालनं वाचली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं अंगठ्याकडे. मी पटकन त्याचं स्वतःचं कार्ड टाकलं, त्याचं नाव निवडलं, म्हटलं, "ठेव." त्यानं ठेवला. जुळत नाही. पुन्हा ठेवला. जुळत नाही. आजही जुळत नाही. त्याच्या घरचं धान्य बायको येऊन नेते.

मशीनच्या पावतीची छपाई चार-सहा महिन्यांत उडते. कागद कोरा होतो. माझ्याकडे असे गठ्ठे आहेत. ही मात्र मी पाकिटात ठेवली आहे तेव्हापासून, आणि हिचं अक्षर उडालेलं नाही. स्वाती, मोबाइलचा उजेड दाखव. इथं, तारखेच्या खाली बघ. अंगठा कोणाचा लागला ते नाव असतं तिथं.

वाच. मोठ्यानं वाच.