बाराव्या मुलीचं आसन

सात वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं होतं का? बंद पालखीत घातलं, डोंगरातल्या मठात आणून सोडलं, केस उतरवले आणि मग तिलाच मठाधिपती म्हणून तिच्या पायांवर डोकी ठेवली. लाज कशी वाटली नाही?

ज्ञानदा हे रोज मनातल्या मनात विचारायची. उत्तर द्यायला तिथे कुणी नव्हतं. २००६ सालची गोष्ट. नवरा सारंग जपानला, ओसाकात, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर होता. ती पुण्याची, इतिहासात एम.ए. केलेली, घरात बसून वैतागलेली. एका प्राध्यापकांच्या ओळखीने तिला नाराच्या डोंगरातल्या त्या मठात अर्धवेळ काम मिळालं. जुन्या कागदांचे फोटो काढायचे, प्राध्यापकांनी वाचून दिलेला मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचा. अकरा मठाधिपती, अकराही राजघराण्यातल्या मुली. मठात आल्या तेव्हाचं वय: सात, पाच, सहा, नऊ, पुन्हा पाच. 'आई' हा रकाना बहुतेकींचा रिकामाच.

"अरे, जमिनी होत्या, नोकरचाकर होते, स्वतःचा शिक्का होता," ती सारंगला सांगायची. "फक्त फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"म्हणजे ऑनसाइटच की," तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचा.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सरकारी हुकूम निघाला आणि राजवाड्यातून मुली येणं थांबलं. आता मठात ऐंशीच्या घरातल्या भिक्षुणी शुएन-सान तेवढ्या उरल्या होत्या. तरी आतल्या खोलीत जांभळ्या रेशमाचं आसन रोज झटकून मांडलं जायचं. त्याच्यापुढे लाकडी तबक, तबकात साखरेची एक पांढरी वडी, शेजारी चहा. बाराव्या मुलीसाठी. संध्याकाळी शुएन-सान ती वडी मागच्या ओढ्यात सोडून यायच्या. स्वतः कधी जिभेला लावली नाही.

नोव्हेंबरात एक दिवस शाळेला सुट्टी होती, म्हणून ज्ञानदाने अनघाला बरोबर आणलं. अनघा पहिलीत होती. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची, इथे वाढलेल्या सगळ्याच मुलांसारखी. शुएन-सान औषधं आणायला खाली गावात गेल्या होत्या. चार वाजले नाहीत तोच सूर्य डोंगराआड गेला. ओसरीच्या फळ्यांमधून गारठा मोज्यांत चढू लागला. जुन्या धुपाचा आणि ओलसर लाकडाचा वास दाटला. अनघाचा डबा कधीच संपला होता आणि तिची भूक-भूक सुरू झाली होती.

आतल्या खोलीचं सरकतं दार हातभर उघडं होतं. ज्ञानदाने आपल्यातलं कुणीही करेल तेच केलं.

"आधी बाप्पाला नमस्कार कर."

अनघाने चटईवर डोकं टेकलं. ज्ञानदाने तबकातली वडी उचलली आणि तिच्या उजव्या हातावर ठेवली.

"प्रसाद आहे. सांडू नकोस."

पोरीने वडी तोंडात टाकली. आसनामागच्या पडद्यापाशी सळसळ झाली, कुणीतरी रेशमी घोळ सावरून उठावं तशी... आणि थांबली. उंदीर असेल, ज्ञानदाने स्वतःला सांगितलं.

दारात शुएन-सान उभ्या होत्या. औषधांची पिशवी त्यांच्या हातातून गळून पडली.

"तिने स्वतः उचललं... की तुम्ही दिलंत?"

"मी दिलं. आमच्याकडे देवापुढचं मुलांना—"

"आईच्या हातून." म्हातारी मटकन खाली बसली. "तसंच असायचं. मुलगी इथे डोकं टेकायची. आई हातावर वडी ठेवायची... आणि निघून जायची. तेवढ्याने मुलगी मठाची व्हायची."

काहीतरी जुनाट खूळ, असं म्हणून ज्ञानदा पोरीला घेऊन घरी आली.

आठ दिवस तिच्या काहीच लक्षात आलं नाही. अनघा जपानीत बोलत होती, पण ती नेहमीच जपानीत बोलायची. शांत झाली होती. "पोरगी शहाणी झाली बघ," सारंग म्हणाला. फक्त सकाळी ती दारात नुसती उभी राहायची, कुणीतरी येऊन बूट घालेपर्यंत. आणि शाम्पू करूनही केसांना धुपाचा वास यायचा.

नवव्या दिवशी शाळेतून फोन आला. तिथे सगळ्या आयांना 'ओकासान', म्हणजे आई, अशीच हाक मारतात.

"ओकासान, अनघा-चान घरी हे बोलणं कुणाकडून शिकते? मला अर्धंही कळत नाही. पूर्वी राजवाड्यातल्या बायका असं बोलायच्या म्हणे."

त्या संध्याकाळी ज्ञानदा पोरीची वेणी घालायला बसली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचं बोलणं नीट ऐकायला.

"पिल्लू, मराठीत बोल ना माझ्याशी. एकच शब्द."

अनघा आरशात बघत होती. स्वतःकडेही नाही, आईकडेही नाही. त्या मऊ, परक्या जपानीत ती काहीतरी म्हणाली. ज्ञानदाला त्यातलं एवढंच समजलं...

"केस कधी उतरवणार?"

ज्ञानदाने फणी ओढली. बटच्या बट हातात आली. पोर हललीसुद्धा नाही. बटेची टोकं तुटलेली नव्हती, कात्रीने कापल्यासारखी सरळ होती.

सकाळी पहिल्या ट्रेनने ती अनघाला घेऊन मठात गेली. स्टेशनपासूनचा रस्ता पोरीला दाखवावा लागला नाही. तीच पुढे चालत होती.

"हिला परत कसं घ्यायचं?" ज्ञानदाने फाटकातच विचारलं.

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? चहाचा पेला कुठल्या हाताने ठेवायचा हेसुद्धा लिहून ठेवलंय तुम्ही! आणि नेमकं हेच नाही?"

शुएन-सान हळूच म्हणाल्या, "तीनशे वर्षांत कुणाचीच आई परत मागायला आली नाही."

अनघा तोवर आत गेली होती. आसनावर ताठ बसली होती, हात स्वेटरच्या बाह्यांत लपवून. बाहेर लख्ख ऊन होतं, पण त्या खोलीपर्यंत ते पोचत नव्हतं. पडद्यामागे श्वास ऐकू येत होते... एकाचे नव्हेत.

ज्ञानदाला मोठ्याने भांडायचं होतं. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती. पण तोंडातून आलं ते रोज संध्याकाळी, शाळेनंतरच्या पाळणाघराच्या दारात म्हणायचं जपानी वाक्य. तिथे हे वाक्य ऐकलं की मुलं दप्तर उचलून धावत सुटतात.

"आई न्यायला आली आहे."

श्वास थांबले.

मग चटईवर एक छोटं पाऊल वाजलं. मग दुसरं. मग ओसरीवरून, मागच्या खोल्यांतून, जिन्यावरून... शाळा सुटल्यासारखी पावलं. दिसत काहीच नव्हतं. गार वाऱ्याच्या झुळका ज्ञानदाच्या गुडघ्यांना घासून जात राहिल्या आणि खोलीतला धुपाचा वास विरत गेला.

अनघाने डोळे मिचकावले.

"आई," ती मराठीत म्हणाली, "पाय दुखतायत. उचल ना."

ज्ञानदाने तिला उचललं आणि बूट हातात घेऊनच फाटकाबाहेर धावली. फाटकात शुएन-सान कमरेत वाकून उभ्या होत्या. त्या सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. पुन्हा सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. ज्ञानदा वळणापर्यंत पोचली तरी म्हातारी रडत रडत वाकतच होती.

छोट्या स्टेशनात चिटपाखरू नव्हतं. अनघा खांद्यावर झोपली होती. तिचा श्वास मानेवर उबदार लागत होता, केसांना नुसत्या शाम्पूचा वास होता. ज्ञानदाच्या जिवात जीव आला. घंटा वाजली. केबिनमधून म्हातारा स्टेशनमास्तर बाहेर आला, टोपीला हात लावून तिच्याकडे, आणि मग तिच्या मागे लांबपर्यंत बघून कौतुकाने हसला.

"शाळेची सहल वाटतं, ओकासान? मुलींना पुढच्या डब्यात चढवा, मागची दारं इथे उघडत नाहीत. आणि त्या सगळ्यात धाकटीचा हात धरा आधी, फलाटाच्या अगदी कडेला उभी आहे ती."