सावकाश फिरणारी तबकडी

बाहेर पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता. नदीवरून आलेलं ओलं धुकं तेवढं होतं, पण ते छत्रीच्या आतही शिरत होतं. बर्कनहेडच्या बाजारात, आपल्या जुन्या रेकॉर्ड्सच्या गाळ्यावर बर्नी रिमर धूळ पुसत होती. तेवढ्यात समोर एक उंच, निथळणारा तरुण येऊन उभा राहिला. त्याने कोटाच्या आतून एक छोटी तबकडी अशी अलगद काढली, जणू आत मांजराचं पिल्लू निजलं होतं.

"हिची दुसरी प्रत मिळेल? माझ्या आजीची आहे. ऐकून ऐकून झिजलीय."

तबकडीवरच्या कागदावर चहाच्या कपाचा मोठा डाग होता. त्यातून एकच शब्द वाचता येत होता. 'कॉर्मरंट्स'.

बर्नीच्या हातातलं फडकं थांबलं. वीस वर्षांपूर्वी याच नदीच्या दोन्ही काठांवर, गल्लीगल्लीतली पोरं तीन गिटारी आणि एक ड्रम घेऊन उभी राहिली होती. त्यांच्यात 'कॉर्मरंट्स' नावाने गाणाऱ्या चार पोरीही होत्या. त्यांची ही एकुलती एक तबकडी. त्यातली गाणारी, गिटार वाजवणारी थेल्मा म्हणजे बर्नीची आई. बर्नी पोटात राहिली, आणि गिटार माळ्यावर गेली.

"काय गातो हा माणूस!" तरुण म्हणाला.

"माणूस?"

"हो ना. एवढा भरदार आवाज... आणि किती संथ! घरी जायची वाटच सापडत नाहीये जणू त्याला." आणि त्याने ते गुणगुणून दाखवलं.

बर्नीला हसूच फुटणार होतं, पण ते ओठांवरच विरलं. ही चाल अशी सावकाश तिने कुठेतरी ऐकली होती. कुठे... ते आठवेना.

"घरी कशावर ऐकतोस तू?"

"आजीच्या रेकॉर्ड प्लेअरवर. त्याची वेग बदलायची कळ कधीच तुटलीय. पण आजीकडे ही एक सोडली तर सगळ्या मोठ्याच तबकड्या आहेत, त्यामुळे काही अडत नाही."

अडत कसं नव्हतं! मोठ्या तबकड्या सावकाश फिरतात, छोटी भरभर फिरायला हवी. हा बिचारा वर्षानुवर्षं नाचायचं गाणं रांगताना ऐकत होता, आणि त्या रांगण्यात बर्नीच्या आईचा पुरुष झाला होता.

सांगावं का? बर्नीने त्याच्या ओल्या पापण्यांकडे पाहिलं. म्हणाली, "शोधून ठेवते. पुढच्या गुरुवारी ये."

त्याचं नाव ग्लेन हॅलिगन. पुढच्या गुरुवारी तो आला, तो गिटार घेऊनच. तबकडीच्या खालच्या सुराशी जुळावं म्हणून त्याने सगळ्या तारा ढिल्या करून ठेवल्या होत्या.

"या तारा आहेत की कपडे वाळत घालायची दोरी?"

"दोरीच. तुझं काही वाळत घालायचंय?"

"आधी स्वतःला घाल. टपकतोयस."

मग तो वाजवू लागला, आणि बर्नी चेष्टा विसरली. त्याची स्वतःची गाणी होती ती, पण त्या एका गाण्याच्या कुशीतून निघालेली. तेच सुरांचं एकमेकांत मिसळणं, ओळीच्या शेवटी तीच साद. मधूनच तो गिटारच्या लाकडावर तळहात मारायचा... दूर कुठेतरी दार मिटावं तसा.

"हे दार त्या गाण्यातलंच," तो म्हणाला. "माझ्या प्रत्येक गाण्यात ते मिटतं."

असे बरेच गुरुवार गेले. दुसरी प्रत काही मिळाली नाही, आणि तिची चौकशीही कुणी केली नाही.

मग एकदा तो धावतच आला. "शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या बँडची गाणी ऐकायला लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस येतोय! आणि बर्नी, मला तो गायक शोधायचाय. त्याला पहिल्या रांगेत बसवायचंय. तू मदत करशील?"

आता गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच होतं. बर्नीने त्याच्या हातातून तबकडी घेतली, गाळ्यावरच्या प्लेअरवर ठेवली आणि कळ योग्य जागी सरकवली.

गिटारी खळाळत आल्या. त्यांच्यावर चार पोरींचे खट्याळ आवाज. आणि मिटणारं दार? त्या तर टाळ्या होत्या! साध्या, आनंदी टाळ्या.

ग्लेनचे कान लाल झाले.

"ही माझी आई," बर्नी हळूच म्हणाली.

"म्हणजे तू पहिल्या दिवसापासून मला हसत होतीस."

"नाही रे, ग्लेन, मी—"

"माझं एकेक गाणं एका तुटक्या कळीवर उभं आहे. लंडनच्या माणसाला काय ऐकवू? आजीचा बिघडलेला प्लेअर?" तबकडी तिथेच ठेवून तो धुक्यात निघून गेला.

संध्याकाळी थेल्मा बटाटे सोलत होती. बर्नीने सगळं सांगितलं, तेव्हा ती आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मी पुरुष! ऐका हो ऐका!" मग म्हणाली, "पण वाजवतो कसं ते तर सांग."

बर्नीने गुणगुणून दाखवलं. सुरी थांबली.

"हे त्याला कुठून मिळालं?" थेल्माचा आवाज एकदम खाली गेला. "तुला दात येत होते, राणी. खांद्यावर घेऊन मी हेच म्हणत फेऱ्या घालायचे. भरभर म्हटलं की तू टक्क जागी व्हायचीस. म्हणून हळू... अजून हळू. तुझ्या पाठीवर थोपटत. गिटार सुटली होती ना, पण तेवढं गाणं माझ्याकडे राहिलं होतं."

आणि बर्नीला आठवलं, ही चाल तिने कुठे ऐकली होती.

शनिवारी दुपारी त्या दोघी हॉलमध्ये पोचल्या, तेव्हा ग्लेन न वाजवताच वायरी गुंडाळत होता आणि त्याचे मित्र फुगून बसले होते.

"तो भरदार आवाजाचा माणूस मीच बरं का, बाळा," थेल्मा म्हणाली. "चल, वाजव. तुझ्या त्या ढिल्या तारांवरच."

"मिसेस रिमर, ते चुकीचं आहे."

"माझं लेकरू झोपायचं त्याने. चुकीचं कसं असेल?"

ग्लेनने गिटार उचलली. पहिल्या ओळीला थेल्माचा आवाज थरथरला, दुसऱ्या ओळीला सावरला. ग्लेनने लाकडावर तळहात मारला... आणि या वेळी बर्नीला ते दार वाटलं नाही. पाठीवरचं थोपटणं वाटलं. मित्र एकेक करून वाद्यांकडे सरकले. लंडनचा माणूस कधी आला कुणास ठाऊक. भिजलेली टोपी हातात धरून तो दाराशीच उभा राहिला होता.

गाणं संपल्यावर ग्लेन बर्नीजवळ आला. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या गुरुवारी आला असतास?"

"आलो असतो."

"कशाला?"

तो खाली बघत हसला. "...स्वतःला वाळत घालायला. तुझ्याजवळ, बर्नी. त्या पहिल्या दिवसानंतर मला तबकडी नकोच होती."

बर्नीने त्याचा हात हातात घेतला. तारांनी घट्टे पडलेली बोटं ओलीच होती.

"आजीची ती कळ दुरुस्त करून आणतो उद्या," तो पुटपुटला.

"खबरदार हात लावलास तर!" बर्नी म्हणाली.