उगवतीकडचा बोअर

हसू नका रे. ज्याच्यावर हे गुदरलं तो सहादू अजून जिवंत आहे, आपल्या पलीकडच्या मळ्यात राखण करतो. खोटं रचून सांगण्याइतकी अक्कल त्याला देवानं दिलेलीच नाही. लाइट यायला अजून तासभर आहे, तोवर ऐका.

सन २००३. मे महिन्याची सतरा तारीख, शनिवार. आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमा झालेली, त्यामुळे चांदणं भरपूर. सहादू आणि त्याचा मेव्हणा मंगळू, दोघं सुरगाण्याकडचे, विहिरीत आडवे बोअर मारायचं काम करायचे. आता बटण दाबून पाणी बघणाऱ्यांना हेही समजावून सांगायला हवं! विहीर आटली की तळाशी उतरायचं, कडेच्या खडकात मशीननं शंभरेक फूट आडवं भोक पाडायचं आणि लांबचं पाणी ओढायचं. ते पाणी कुणाच्या तोंडचं, हे सहसा कुणी विचारत नाही.

देवळ्याच्या वरच्या अंगाला किशोर नावाचा डाळिंबवाला होता. त्याचा निरोप आला तसे हे दोघं निघाले. सहादूची बायको फुलाबाई दारापर्यंत आली. "माझ्या भावाला संबाळून आणा," ती म्हणाली.

"मी काय त्याला इकायला चाललोय?" सहादू हसला आणि टेम्पोत बसला.

किशोरच्या विहिरीपासून उगवतीला, हाकेच्या अंतरावर, उंबरांची राई होती आणि राईत झरा. त्या साली सगळा तालुका करपला होता, पण झरा बोटभर धारेनं वाहत होता, कारण गावानं तो जपला होता. सूर्य मावळला की तिथं कुणी हंडा न्यायचा नाही. रात्रीचं पाणी उंबरांचं, खेकड्यांचं, पाखरांचं, तरसांचं. आणि या शिवारातल्या विहिरीतून बोअर मारायचा तर तीन दिशांना मारा, झऱ्याच्या दिशेला नाही. त्याची शीर जमिनीतून कुठून येते, ते गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

किशोरच्या तिन्ही दिशा कोरड्या गेल्या होत्या. त्या रात्री गाव एका वरातीत नाचत होतं, बँडच्या आवाजात बोअर मशीनचा कंप्रेसर कुणाला ऐकू जाणार नव्हता. म्हणून तर त्यानं ती रात्र धरली.

"उगवतीकडं लावा," तो म्हणाला.

"तिकडं झरा हाय ना, शेठ?"

"झऱ्याला काय पोरंबाळं हायत? माझी बाग जळून चाललीय."

सहादूच्या पाड्यावरही झऱ्याचं असंच पाळतात. त्याला सगळं कळत होतं, तरी तो विहिरीत माणसं उतरवणाऱ्या यारीच्या पाळण्यात बसला. आजही हे सांगताना तो कपाळ बडवून घेतो.

विहीर पंचेचाळीस फूट. अकराच्या सुमारास काम सुरू झालं. दहा फुटी आठ रॉड गेले, करडा चिखल बाहेर येत राहिला. नववा रॉड आत शिरला आणि पाणी आलं. गार पाणी. वर किशोर आनंदानं ओरडला.

मग पाण्याबरोबर मुळ्या आल्या. उंबराच्या, लालसर, चिरडलेल्या. मग खेकडे आले. अर्धे. नांग्या अजून हलत होत्या.

मग पाणी लाल झालं.

"बंद करा!" सहादूनं वर हाक दिली. कंप्रेसर बंद झाला. वरातीचा बँडही थांबला होता.

रॉड थांबला नाही.

तो फिरतच राहिला... उलटा. मंगळूनं पान्यानं धरला, तर रॉड पान्यासकट आत गेला. नव्वद फूट लोखंड आत ओढलं गेलं. नंतर भोकातून आवाज यायला लागला. लप लप. कितीतरी जिभा एकदम पाणी पीत असाव्यात, असा.

पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. लोट दाबायला मंगळूनं गोणपाटाचा बोळा केला आणि भोकात कोंबला.

हात बाहेर येईना.

"दाजी..."

"ओढ!"

"कुनीतरी धरलंय, दाजी."

एक हिसका बसला. मंगळू कोपरापर्यंत आत गेला. दुसरा हिसका. त्याचं तोंड खडकावर आपटलं, दात फुटले. सहादूनं कमरेला मिठी मारली, पाय कातळाला लावून ओढलं. आत हाड मोडलं. मग दुसरं. तो आवाज सहादूला पाण्याच्या खळखळाटातही स्वच्छ ऐकू आला.

पाणी कमरेवर. मग छातीला. आतलं काही सोडेना.

"तोडा, दाजी!"

डोंगरातला माणूस कमरेला कोयता लावल्याशिवाय घर सोडत नाही. सहादूनं तो उपसला. त्याच्या डोळ्यांपुढे फुलाबाई उभी राहिली, दारात उभी होती तशीच.

पहिला घाव खडकावर गेला.

दुसरा हाडात रुतला. मंगळू किंचाळला.

तिसरा...

हात सुटला. म्हणजे मंगळू सुटला. हात आतच राहिला.

किशोरनं दोघांना यारीनं वर ओढलं. तो पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. सहादूनं धोतर फाडून दंड आवळला, टेम्पो सोग्रसमार्गे नाशिकला पळवला आणि उजाडताना मंगळूला दवाखान्यात घातलं. तो वाचला. फुलाबाई वर्षभर नवऱ्याशी बोलली नाही. सहादूला त्याचं काहीच वाटलं नाही, भाऊ तिच्या डोळ्यांसमोर भाकरी खात होता, तेवढं त्याला पुरे होतं.

तिसऱ्या दिवशी चार माणसं घेऊन सहादू त्या विहिरीवर गेला. मधल्या वेळेत खाली कुणी उतरलं नव्हतं. यारीचा दोर किशोरनं घरात कुलपात ठेवला होता, आणि विहिरीच्या कडा अशा सरळसोट की माकडही उतरू शकणार नाही. तळ पुन्हा कोरडा पडला होता. सहादू खाली गेला, उगवतीच्या कडेला बॅटरी मारली आणि तिथंच बसला.

भोक बुजलेलं होतं. काळ्या, चिकट मातीनं, चूल लिंपतात तसं सफाईनं लिंपलेलं. माती अजून ओली होती. तिच्यावर बोटं फिरवल्याच्या खुणा होत्या, सगळ्या एकाच उजव्या हाताच्या.

आणि एक तुम्हांला सांगायचं राहिलं. मंगळूची उजवी करंगळी लहानपणी कडब्याच्या कुट्टी मशीनमध्ये गेली होती, अर्धीच उरली होती.

त्या मातीत चार बोटं पूर्ण उमटली होती. पाचवं अर्धं.